कांचनभटाची थैली

नमस्कार मंडळी.

मगाशी मेकअप उतरवताना एका काकांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, "भुजंगनाथ झकास, पण राग तुझाच जास्त आला." 'संगीत शारदा'तला कांचनभट करणाऱ्याला याहून मोठी दाद नाही.

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' किर्लोस्कर मंडळींनी १८९९ साली इंदूरला पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. जरठ-कुमारी विवाहाचं, म्हणजे म्हाताऱ्यानं कोवळ्या पोरीशी लग्न लावण्याचं नाटक म्हणून आपण ते ओळखतो आणि हसतो म्हाताऱ्याला. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' सुरू झालं की आजही हॉल खदखदतो. मागच्या रांगेतल्या पोरांनी आज आधी 'पाऊणशे' म्हणजे किती ते विचारून घेतलं, मग हसली.

पण त्या म्हाताऱ्या भुजंगनाथाची हाव उघडी आहे, त्याला बायको हवी. पैशासाठी पोटची पोर, शारदा, विकायला निघतो तो बाप. देवलांनी त्याचं नावच कांचन ठेवलंय! भद्रेश्वर दीक्षित पडला दलाल, त्याचं काय जाणार? जातं ते कांचनभटाचं. त्याची बायको इंदिराकाकू परोपरीनं विनवते, तो ऐकत नाही. मग घरात बोलायचं कोणी उरत नाही. तालमीत विंगेत उभा राहून शारदेचं 'मूर्तिमंत भीति उभी मजसमोर राहिली' ऐकताना दर वेळी वाटायचं, ही भीती म्हाताऱ्याची नाही, माझी आहे.

(जाता जाता: १९२९चा 'शारदा कायदा' या नाटकावरून नाही. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून. मुलीच्या लग्नाचं किमान वय त्यानं १४ केलं. जेवताना यावर पैज लावू नका, हराल.)

आता थैलीचं सांगतो. दिग्दर्शिकाबाईंनी माझ्या कमरेला पैशांची थैली बांधली. एवढी नाणी आणायची कुठून? मी गॅरेजमधले लोखंडी वॉशर भरले. शेवटच्या तालमीत शारदा पाया पडायला वाकली, मी आशीर्वादाला हात उचलला, आणि थैली खणखणली. ती दचकून मागे सरली. संहितेत असं काही नाही. मी थांबलो, पेटीही थांबली. बाई अंधारातून म्हणाल्या, "हे ठेवा."

आज तुम्ही पाहिलंत ते तेच. फक्त आज हात उचलण्याआधी मी डाव्या हातानं थैली दाबून धरली होती. तरी वाजली.