फोन कापा, मग शेजाऱ्याला हाक मारा

नमस्कार श्रोतेहो.

फसवणुकीचा फोन करणारा कधी पोलीस असतो, कधी सीबीआयचा अधिकारी, कधी कुरिअर कंपनीचा माणूस, तर कधी तुमच्या बँकेचा. वेष बदलतो, आवाज बदलतो, पण एक ताकीद प्रत्येकाची ठरलेली असते: 'हे कुणालाही सांगू नका.' बायकोला नाही, मुलाला नाही, बँकेतल्या माणसालाही नाही. माझ्या मते ओळखायची पहिली खूण हीच. खऱ्या सरकारी कामात तुम्हाला तुमच्याच घरच्यांपासून कुणी तोडत नाही.

मी बँकेच्या शाखेत बरीच वर्षं काम केलं. शेवटच्या काळात एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर आले होते. मुदत ठेवीच्या पावत्या घेऊन. सगळ्या मोडायच्या होत्या आणि पैसे लगेच आरटीजीएसने बाहेरच्या एका खात्यात पाठवायचे होते. कारण विचारलं तर म्हणाले, प्लॉट घेतोय. पण कपाळावर घाम, फॉर्म भरताना खात्याचा नंबर दोनदा चुकला, आणि शर्टाच्या खिशात मोबाईल उभा ठेवलेला, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. व्हिडिओ कॉल चालूच होता. आमच्या काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता स्लिपच्या मागे लिहिलं, 'काकाजी, कुणी धमकावतंय का?' आणि स्लिप पुढे सरकवली. त्यांनी वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बस, तेवढंच. तिने आत बसवून फोन कापायला लावला. फोन पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि प्रत्येक वेळी ते दचकत होते. त्यांना सांगितलं गेलं होतं की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मोठा गुन्हा झालाय आणि तुम्ही 'डिजिटल अटके'त आहात, म्हणजे व्हिडिओ कॉल सोडून कुठे हलायचं नाही.

श्रोतेहो, आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही हे देशाला सांगितलं होतं. आपण नागपूरकर संविधान चौकातून जातो-येतो. त्या संविधानाचं कलम 22 सांगतं की अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील गाठण्याचा त्याचा हक्क असतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. व्हिडिओवर कोर्ट मांडून 'जामिनासाठी' पैसे मागणारा पोलीस नसतो. त्याच चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. ती तुमची-आमची वैयक्तिक खाती ठेवत नाही. त्यामुळे 'तपासणीसाठी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या सुरक्षित खात्यात टाका' हे कुणी म्हणालं, की ते धादांत खोटं आहे असं समजून फोन ठेवा. उत्तर देत बसू नका, त्याला खोटं ठरवायलाही जाऊ नका. फोन कापा आणि शेजाऱ्याला हाक मारा. दुसऱ्या माणसासमोर ती गोष्ट मोठ्याने सांगितली, की अर्धी भीती तिथेच उतरते.

आता पैसे गेलेच, तर काय? इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण नेमका इथेच लोकांचा वेळ वाया जातो. माणूस लाजतो. रात्रभर तळमळतो, सकाळी मुलाला सांगू म्हणतो. तोवर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाते आणि कुठल्यातरी एटीएममधून निघून जाते. म्हणून कळल्या क्षणी 1930 हा नंबर लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली, की रक्कम ज्या बँकेत पोचली असेल तिला ती गोठवायला सांगितलं जातं. जितक्या लवकर सांगाल, तितकी रक्कम वाटेत सापडण्याची शक्यता जास्त. हाताशी एवढं ठेवा: किती रुपये, किती वाजता, कोणत्या खात्यातून गेले, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयमध्ये हा क्रमांक बारा आकडी असतो, अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट दाबलं की दिसतो. त्यानंतर आपल्या बँकेला कळवा, आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या.

बँकेला कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम बऱ्याच ग्राहकांना माहीतच नसतो. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी गडबड होऊन खात्यातून पैसे गेले, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर बोजा पडत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेच्या माथी. म्हणजे चूक झाली असली तरी पाच मिनिटं आधी केलेल्या फोनला किंमत आहे.

विजेच्या संदेशाचंही सांगतो. 'मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर बोला.' मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. घरात लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस असलं आणि कूलर बंद पडणार म्हटलं, की कुणीही घाबरून फोन लावेल. असा संदेश साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला, तर तो महावितरणचा नाही. शंका असेल तर 1912 वर विचारा. फोनवरचा माणूस एखादं अॅप टाकायला सांगेल, ते टाकू नका. तेच लग्नपत्रिकेच्या आणि वाहनाच्या चालानच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलचं, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणाऱ्या फाइलचं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो.

कॉलेजातल्या मुलामुलींना मला कळकळीने सांगायचं आहे. 'तुझं खातं महिनाभर वापरू दे, कमिशन देतो' असं म्हणणारा कुणी भेटला, तर दूर व्हा. लुटलेला पैसा असल्याच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. पोलीस माग काढत येतात तेव्हा पासबुकावर नाव तुमचं असतं. खातं गोठतं, चौकशी लागते, आणि पासपोर्ट किंवा नोकरीच्या पडताळणीच्या वेळी ते प्रकरण पुन्हा वर येऊ शकतं. ज्याने कमिशन दिलं, तो तेव्हा फोन उचलत नाही.

आपल्या शहरात कितीतरी घरांमध्ये मुलं पुण्याला, बंगळुरूला आहेत आणि आई-वडील इथे एकटे. त्या मुलांना मी विनंती करतो: आज रात्री फोन कराल तेव्हा हे बोलून घ्या. मोठी रक्कम हलवायच्या आधी एकमेकांना विचारायचं, एवढं ठरवून टाका. शेजारच्या एका विश्वासू माणसाचा नंबर आईकडे कागदावर लिहून ठेवा, 1930 च्या शेजारीच. आणि कधी तुमचे बाबा म्हणाले, 'अरे, माझ्याकडून पैसे गेले', तर 'तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं' हे तोंडातून काढू नका. आधी किती वाजता गेले ते विचारा, आणि फोन लावा.