पाण्यात टाकलेला ओंडका

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यातील 61 दिवसांची मासेमारीबंदी संपत आली की आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत, मग ते हर्णै असो, मिरकरवाडा असो वा मालवण, जाळी, बर्फ आणि डिझेल यांच्या जोडीने हल्ली कागदपत्रांचीही धावपळ सुरू होते. अशाच एका सकाळी मालवणच्या धक्क्यावर एक वयस्क तांडेल मोबाइल घेऊन बसलेल्या मुलाला विचारीत होते, "लॉगिन झालां काय रे?" आणि थोड्याच वेळाने खलाशाला बजावीत होते, "लॉगबुक घेतलंस मां?" या दोन्ही शब्दांत एकच 'लॉग' आहे, आणि त्यांतला संगणकाचा वाटणारा शब्द मुळात त्या तांडेलांच्याच धंद्यातला, म्हणजे समुद्रावरचा आहे. आजचे भाषण या 'लॉग'विषयी आहे.

इंग्रजीत 'लॉग' म्हणजे लाकडाचा ओंडका. चौदाव्या शतकापासून हा शब्द त्या भाषेत आढळतो. तो तेथे कोठून आला यावर मात्र व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही. ओंडक्यापासून वहीपर्यंतचा त्याचा प्रवास मात्र स्पष्ट दिसतो, कारण तो शिडाच्या जहाजांवर झाला. चारी बाजूंना पाणीच पाणी असताना जहाज किती वेगाने चालले आहे हे कसे ओळखावे, हा खलाशांपुढचा मोठा प्रश्न होता. आपल्या किनाऱ्याने चालणाऱ्या गलबतांना त्याची फारशी अडचण नसे. एखादा डोंगर, किल्ल्याचा बुरूज किंवा देवळाचा कळस नजरेच्या टप्प्यात असे आणि त्यावरून अंदाज बांधता येई. किनारा दिसेनासा झाला की मात्र ही सोय संपे.

यावर जी युक्ती निघाली, तिचे वर्णन विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने 1574 मध्ये नौकानयनावरील आपल्या पुस्तकात केले आहे. दोरीला बांधलेले लाकूड जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात सोडायचे आणि ठरावीक वेळात किती दोरी सुटते ते पाहायचे. लाकूड पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहते आणि जहाज पुढे जाते, म्हणून सुटलेली दोरी म्हणजेच कापलेले अंतर. पुढे या ओंडक्याची पाव वर्तुळाच्या आकाराची फळी झाली. तिच्या गोल कडेला शिसे बसवीत, म्हणजे ती पाण्यात उभी राही आणि दोरीबरोबर ओढली जात नसे. दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर एक गाठ मारलेली असे. एक खलाशी 28 सेकंदांचे वाळूचे घड्याळ धरी आणि दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. जितक्या गाठी गेल्या, तितके सागरी मैल दर तासाला, असा हिशोब त्या अंतरातच बसवलेला होता. जहाजाच्या वेगाला आजही 'नॉट', म्हणजे गाठ, म्हणतात ते यामुळे. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात 1.852 किलोमीटर, तेव्हा बातम्यांत अधूनमधून छापले जाणारे 'ताशी वीस नॉट' हे चूक आहे, कारण 'ताशी' त्या गाठीतच आले.

दोरीने पाणी मोजण्याची रीत आपल्याला मुळीच परकी नाही. खोली सांगताना आपण 'दहा वाव पाणी' म्हणतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांपर्यंतची लांबी, साधारण सहा फूट. इंग्रजीतील 'फॅदम' हे माप तेवढेच, आणि त्या शब्दाचा जुना अर्थही पसरलेल्या हातांची मिठी असाच आहे.

पण मोजलेला आकडा डोक्यात राहून उपयोगाचा नव्हता. तो दिशेसह आणि वेळेसह लिहून ठेवला, तरच जहाज कोठे आले असेल याचा हिशोब मांडता येई. ओंडक्याचे आकडे ज्या वहीत उतरत, ती लॉगबुक झाली. मग वारा, पाऊस, आजारी खलाशी, दिसलेली जहाजे असे सारेच तिच्यात येऊ लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या अशा वह्यांतील वाऱ्याच्या नोंदी आज हवामानाचे अभ्यासक वापरतात. हळूहळू नुसते 'लॉग' म्हटले तरी वही, आणि क्रियापद म्हणून वापरले तर नोंद करणे, असा अर्थ रूढ झाला.

तोच अर्थ संगणकाने उचलला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1960 नंतरच्या दशकात एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत आली. संगणकाचा वेळ महाग, म्हणून कोण कधी आले आणि किती वेळ बसले याची नोंद आवश्यक ठरली. त्या पद्धतीत आत शिरण्याच्या आदेशाचे नाव 'लॉगिन' होते. इंटरनेटचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या 'अर्पानेट' या संगणकांच्या जाळ्यावरचा पहिला संदेश 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिसहून पाठवला गेला, तोही याच शब्दाचा. 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. ई-सेवा केंद्रासमोर रांगेत उभे राहून 'सर्व्हर डाऊन' ऐकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'ब्लॉग'ही याच घरातला. 'वेब' आणि 'लॉग' जोडून 1997 मध्ये 'वेबलॉग' झाला आणि 1999 मध्ये कोणीतरी गमतीने त्याचे पहिले दोन वर्ण तोडले. शाळेतले लॉगॅरिदम मात्र या कुळातले नव्हे; जॉन नेपियरने 1614 मध्ये तो शब्द ग्रीक भाषेतून घडवला.

'बॅकलॉग' तर समुद्रावर गेलाच नाही. शेकोटीच्या मागच्या बाजूला रात्रभर धुमसत राहावा म्हणून ठेवलेला जाड ओंडका, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या न्हाणीतील चुलीत पहाटेच्या आंघोळीपर्यंत विस्तव टिकावा म्हणून जो ओंडका सरकवून ठेवतात, तोच. मागे राखून ठेवलेले लाकूड, त्यावरून मागे साठलेले काम, आणि शेवटी महाविद्यालयात मागे राहिलेला विषय.

जयगडच्या खाडीत येणाऱ्या मोठ्या जहाजांवर आता वेग मोजण्यासाठी ध्वनिलहरी समुद्रतळाकडे सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र असते. त्यात लाकडाची ढलपीसुद्धा नाही. नाविक त्याला 'लॉग'च म्हणतात.