कार्तिकीचा बैलबाजार

श्रोतेहो, नमस्कार.

पंढरपूरच्या वारीचे नाव काढले की बहुतेकांना आषाढी आठवते. पालख्यांचे सोहळे, रिंगणे, पावसात भिजत चाललेल्या दिंड्या यांचे वर्णन आपण दरवर्षी ऐकतो आणि ते ऐकावे असेच असते. परंतु माणदेशातल्या आमच्यासारख्या शेतकरी घरांना खरी ओढ असे ती कार्तिकीची. आषाढात शेतकऱ्याचे निम्मे लक्ष आभाळाकडे असते; पेरणी साधेल की नाही, या चिंतेतच तो विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतो. कार्तिक शुद्ध एकादशी येते तेव्हा बाजरी घरात आलेली असते, शाळू गुडघ्याला लागलेला असतो आणि गाठीला थोडे पैसेही असतात. त्यामुळे कार्तिकीला माणूस मोकळ्या मनाने येतो, चार दिवस राहतो आणि देवदर्शनाबरोबर घरात एखादी बैलजोडी आणण्याचा विचारही करतो.

आमचे वडील, म्हणजे आबा, माळकरी होते. एकादशीच्या अगोदरच पिलीवच्या बाजूने आमची गाडी पंढरीच्या वाटेला लागे. गाडीत बैलांसाठी कडबा, आमच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वर पांघरायला घोंगडी. पहाटेच्या थंडीत गाड्यांची रांग लागलेली असे आणि पुढच्या गाडीतला अभंग मागच्या गाडीत उचलला जाई. चंद्रभागेत स्नान आणि नामदेव पायरीचे दर्शन झाले की आबांची पावले बाजाराकडे वळत. वाटेतली बुक्क्याची, तुळशीच्या माळांची, चुरमुरे-बत्ताशांची दुकाने आम्हा मुलांना जागोजागी अडवून ठेवत. मात्र म्होरक्या, कासरे, घुंगरमाळा आणि रंगीत गोंडे यांच्या दुकानांपाशी आबा स्वतःच थांबत.

खिल्लार बैल ज्यांनी जवळून पाहिला नाही, त्यांना त्या बाजाराचे रूप सांगणे कठीण आहे. पांढराशुभ्र रंग, बांधीव अंग, ताठ वशिंड आणि मागे झुकत वर गेलेली लांब, टोकदार शिंगे अशी ही जनावरे ओळीने दावणीला उभी असत. माण, आटपाडी, सांगोला हा दुष्काळी पट्टा या जातीचे माहेर. कमी चाऱ्यावर आणि कडक उन्हात टिकून राहणारा हा बैल इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, जोपासून घडवला आहे आणि त्या कामगिरीचा मला आजही अभिमान वाटतो.

बैल पारखण्याचे आबांचे काम सावकाश चाले. ते आधी लांबून जनावर चालवून पाहत आणि पाऊल कसे पडते ते न्याहाळत. मग पाठीवरून हात फिरवत आणि अंगावरचे भोवरे बघत. शेवटी खालचा ओठ दाबून दात पाहत. आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला म्हणजे सगळे पक्के दात आलेला आहे, हे एकदा कळले की वयाबद्दल मालकाला विचारावे लागत नसे.

त्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत आवडे. मालक आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर उपरणे टाकले जाई आणि त्याखाली बोटे धरून भाव ठरत असे. एक बोट, तीन बोटे, पूर्ण पंजा, यांतल्या प्रत्येकाचा आकडा दोघांनाही ठाऊक असे. भोवती माणसांचे कडे पडलेले असे, मध्ये हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, ‘हो म्हणा, पाव्हणं’ असा आग्रह करीत असे, तरी उपरण्याखाली काय चालले आहे याचा पत्ता बाहेर लागत नसे. मी आबांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राही. त्यांनी हात मागे घेतला की सौदा फिसकटला असे समजावे, आणि उपरणे झटकून ते हसले की इसार द्यायची वेळ आली. सौदा जुळला की बैलाच्या कपाळावर गुलाल पडे, पावती होई, आणि विकणारा माणूस पुष्कळदा आपल्या बैलाच्या मानेवर बराच वेळ हात ठेवून उभा राही. त्या क्षणी आबा घाई करीत नसत. ‘त्याचं लेकरू हाय ते,’ एवढेच ते आम्हाला सांगत.

त्याच सुमारास देवळातही एक वेगळी रीत पाळली जाते. यात्रेच्या काळात विठ्ठलाचे दर्शन रात्रंदिवस सुरू असते, म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात आणि उभ्या देवाच्या पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घातले जाते आणि थकवा उतरावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात. दिवसभर राबलेल्या बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकणाऱ्या आमच्या घराला देवाचा हा शीण चटकन समजे. वारकऱ्याची माया देवाशी आणि जनावराशी एकाच तऱ्हेची असते, असे मला वाटते.

आता हा बाजार पंढरपूरजवळच्या वाखरीच्या पालखी तळावर भरतो. ट्रॅक्टरमुळे शेतातल्या बैलजोड्या कमी झाल्या. २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आल्यावर खिल्लाराचे मोल घसरले. पुढे कोरोना आणि लम्पी या साथींमुळे जनावरांच्या बाजारांवर निर्बंध आले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती कायम ठेवली. तेव्हापासून देखण्या खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक येऊ लागले आहे. शर्यतीच्या बैलाला मिळणारी किंमत नांगराच्या बैलाला मिळत नाही, याची मला खंत आहे. तरीही त्या निमित्ताने ही जात गोठ्यांत टिकून राहते आहे, हे मी मोलाचे मानतो.

यंदा कार्तिकीला जाणाऱ्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. दर्शन आटोपले की मुलांना घेऊन वाखरीला अवश्य जा. सकाळच्या वेळी जा, कारण तेव्हा जनावरांना पाणी पाजून, अंग पुसून दावणीला बांधलेले असते आणि मालकांनाही बोलायला सवड असते. मुलांना खोंडाच्या पाठीवर हात ठेवू द्या. मालकाला विचारलेत तर तो दात कसे पाहायचे तेही दाखवील.

नमस्कार.