एका पैशाचा कडता

[दृश्य: लातूरचं मार्केट यार्ड. सोयाबीनचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा.]

दिवाळीच्या आगेमागे इथं पाय ठेवायला जागा नसते. सौदा निघाला की काट्यापाशी एकच गडबड. शेतकऱ्याच्या हातात शेवटी पडते ती पट्टी. वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि तळाशी उरलेली रक्कम.

या अडत दुकानात पट्टी संगणकावर निघते. प्रोग्राम सी भाषेतला आहे. तो लिहिलाय दुकानदाराच्या पुतणीनं, नांदेडला इंजिनिअरिंग शिकता शिकता.

एका दुपारी मुनीमकाकांनी एक पट्टी चष्म्याजवळ धरली. बारा क्विंटल पस्तीस किलो, भाव ४,२५०. तोंडी हिशेब ५२,४८७ रुपये ५० पैसे. पट्टीवर छापलेले ५२,४८७.४९.

काका म्हणाले, "पोरी, कडता तर आपण कधीच बंद केला. तुझ्या मशीनला सांगितलं नाही का कुणी?"

कडता म्हणजे पोत्याचं, कचऱ्याचं नाव सांगून वजनातून कापून घेतलेला माल. त्यावरून बाजारात काय भांडणं झालीत, ते जुन्या शेतकऱ्यांना विचारा. इथं कापला गेला होता एकच पैसा. पण सकाळच्या पट्ट्या बरोबर होत्या. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, तेच आकडे टाकले, तर ५० पैसे आले. चूक कायमची असती तर लगेच सापडली असती. ही येत-जात होती.

[दृश्य: संगणकाचा पडदा. आकडे सरकताहेत.]

संगणक १२.३५ हा आकडा जसाच्या तसा ठेवू शकत नाही. सी मध्ये दशांशाचे आकडे ठेवायचा जो 'डबल' नावाचा प्रकार आहे, त्यात मिळतात ५३ बायनरी अंक, म्हणजे शून्य-एकचे अंक. त्यात १२.३५ बसवलं की ते सुमारे १२.३४९९९९९९९९९९९९९६ होतं. त्याला ४,२५० ने गुणलं की उत्तर ५२,४८७.५० च्या किंचित खाली पडतं, डबलच्या दोन शेजारी आकड्यांच्या मधे कुठंतरी. एक घर वरचं, नेमकं ५२,४८७.५०. दुसरं खालचं, रुपयाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी अंतरावर. उत्तराला दोघांपैकी एका घरात जावंच लागतं.

कुठल्या, ते प्रोसेसरमधली एक सेटिंग ठरवते. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरमध्ये एमएक्ससीएसआर नावाचं ३२ बिटांचं रजिस्टर, म्हणजे सेटिंग ठेवायची छोटी जागा असते. त्यातले दोन बिट चार दिशा सांगतात: जवळच्या घरात जा, वर जा, खाली जा, शून्याकडे जा. या दिशा मनाला येतील तशा ठरलेल्या नाहीत. संगणकातल्या दशांशाच्या हिशेबाचं जे १९८५ चं मानक, आयईईई ७५४, त्यात त्या नोंदवल्या गेल्या. त्या मानकामागचे प्रमुख गणिती विल्यम काहान. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. सी भाषेत ही सेटिंग वाचायची आणि बदलायची अधिकृत सोय आली ती त्या भाषेच्या १९९९ च्या मानकात, फेन्व्ह या हेडर फाइलमधून, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार फाइलमधून. फेगेटराउंडनं दिशा विचारायची, फेसेटराउंडनं बदलायची.

नेहमीची दिशा 'जवळचं घर'. ती असताना ५२,४८७.५० येतं. दिशा 'खाली' असेल तर उत्तर खालच्या घरात जातं. शिवाय लिनक्सवरचं छापायचं फंक्शन, प्रिंटएफ, तेही तीच दिशा पाळतं, म्हणजे दोन दशांश ठेवताना पुन्हा खालीच कापतं. केसाएवढी घट छापताना अख्खा पैसा होते.

खाली कापण्यानं काय होतं, हे व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं पाहिलंय. १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेला निर्देशांक नोव्हेंबर १९८३ पर्यंत ५२४.८११ वर घसरला. बाजार पडलाच नव्हता. प्रत्येक नव्या आकडेमोडीत तीन दशांशांपुढचं नुसतं छाटलं जात होतं. हिशेब नीट केला तेव्हा आकडा निघाला १०९८.८९२.

[दृश्य: ओलावा मोजायचं यंत्र. मूठभर सोयाबीन.]

पण दुकानातल्या प्रोग्राममध्ये दिशा बदलली कुणी? पुतणीनंच. आणि चांगल्या कारणासाठी. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की मालात घट किती धरायची, याचा किमान आणि कमाल आकडा तिला हवा होता. एकदा 'खाली' ठेवून हिशेब, एकदा 'वर' ठेवून. बेरीज-गुणाकाराच्या साध्या हिशेबात खरं उत्तर या दोहोंच्या मधे सापडतं.  दिशा बदलायची सोय मुळात अशाच कामांना लागते. या हिशेबाच्या फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या त्या तुकड्याच्या शेवटी ती दिशा परत जागेवर आणत होती. फक्त यंत्रानं रीडिंग दिलं नाही, तर फंक्शन मधूनच परतत होतं. दिशा 'खाली'च राहायची, आणि त्यानंतरच्या सगळ्या पट्ट्या तशाच निघायच्या.

शेजाऱ्याचा काटा मागून आणावा, पासंग हलवावा आणि तसाच परत करावा, त्यातली ही गत.

दुरुस्ती दोन ओळींची होती. आत शिरताना दिशा लिहून ठेवायची, बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर ती परत लावायची. तिनं तपासायला घेतलं तर वेगळंच. चाचणीतली बेरीज दिशा बदलूनही बदलेना. कंपायलरनं, म्हणजे सी चा मजकूर यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामनं, ती आधीच, स्वतःच्या सवयीनं करून ठेवली होती. कोड सेटिंगला हात लावणार आहे, हे सांगायला मानकात फेन्व्ह ॲक्सेस नावाची सूचना आहे, पण जीसीसी हा तिचा कंपायलर ती मानत नाही. त्याला राउंडिंग मॅथचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. हे वाचण्यात तिची एक अख्खी रात्र गेली.

[दृश्य: मुनीमकाकांची लाल वही.]

काका मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. "पैशाला दशांश लावतेसच कशाला?" त्यांनी वही पुढं केली. वजन किलोत, १२३५. भाव क्विंटलचा, ४२५०. दोन्ही पूर्णांक. गुणाकार ५२,४८,७५०. क्विंटलचे शंभर किलो, रुपयाचे शंभर पैसे, म्हणून हे उत्तर थेट पैशातच येतं. शेवटची दोन घरं सोडली की रुपये.

पट्टीचा हिशेब आता असाच, पूर्णांकात होतो. फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे डबलमधला दशांशाचा हिशेब, उरलाय तो ओलाव्याच्या फंक्शनपुरता. ४९ पैशांची ती पट्टी काकांनी गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलीय.