आज पोरं किती?

[दृश्य: जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार. वर्गातून हजेरीचा आवाज. किचनशेडच्या दारात घासलेलं मोठं पातेलं.]

शाळेतलं दुपारचं जेवण इथे शिजतं, पण हजेरी संपेपर्यंत तांदळाला हात लागत नाही. दोघी मावशी चूल पेटवून, डाळ निवडून बसल्यात. गुरुजी दारात आले की प्रश्न ठरलेला : “आज पोरं किती?”

“अठ्ठावन्न.”

एवढा एक आकडा कळला की पुढचं सगळं मापात. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. म्हणजे आज ५ किलो ८०० ग्रॅम तांदूळ आणि तीन किलोला जरा कमी भाजी. त्यातून प्रत्येक ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं उतरली पाहिजेत. धान्य सरकारचं. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि जळण यांचा दर मे २०२५पासून मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. अठ्ठावन्न पोरांचे ३९३ रुपये २४ पैसे. हे चोवीस पैसे वहीत बरोबर बसतात. आठवडी बाजारात टोमॅटो कडाडले की वही काही बोलत नाही, मग आमटी पातळ होते.

[दृश्य: तांदूळ धुताना हात. पांढरं पाणी.]

मुलामागे किती, हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीचा. १९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना खाणं द्यायचं ठरवलं. पुढाकार महापालिकेचे अध्यक्ष पी. त्यागराय चेट्टी यांचा. अट एकच, खर्च मुलामागे दिवसाला एक आण्याच्या वर जायचा नाही. पोरं शाळेत टिकू लागली. पण शिक्षणाचा पैसा जेवणावर कसा, असा आक्षेप सरकारने घेतला आणि १९२५ साली ते बंद पडलं. मुख्यमंत्री के. कामराजांनी १९५६ मध्ये ते मद्रास राज्यभर, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, नेलं, पुढचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये आणखी वाढवलं. त्या काळी दिल्लीतले जाणकार याला उधळपट्टी म्हणत असतील तर नवल नाही. आजही म्हणणारे भेटतात.

देशभराची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ला. पण शिजवलेलं अन्न नव्हे, बहुतेक राज्यांत कोरडं धान्य. हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला तीन किलो. या दोघींच्या वयाच्या बायकांना तो तांदूळ आठवतो. पिशवी घेऊन शाळेत जायचं आणि डोक्यावरून घरी आणायचा. घरी तो घरच्या भातात मिसळायचा. शाळेत जाणाऱ्या पोरीचा वाटा वेगळा कोण शिजवणार?

२८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, धान्य नको, शिजवून वाढा. आपल्याकडच्या शाळांत खिचडीचा वास तेव्हापासूनचा. २००४ मध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : स्वयंपाकाच्या कामावर दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्या. कुणाच्या हातचं कुणी खायचं, हा प्रश्न असा सरळ शाळेच्या अंगणात येऊन बसला. काही गावांत त्यावरून ताटं परतही गेली.

[दृश्य: गुरुजी चमच्याने चव घेतात, वहीत सही करतात.]

ही सही मुलांच्या आधी. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावात शाळेतलं जेवून २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक होतं. त्यानंतर चवीच्या नियमाकडे सगळेच जास्त गांभीर्याने बघू लागले.

आता अंड्याचं. तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी ताटात अंडं असतं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्यातून एक सुरू केलं. न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबला, द्यायचं असेल तर शाळेने लोकवर्गणी काढावी असं ठरलं. ज्या गावात वर्गणी निघते, तिथल्या पोराला अंड्याची गरज त्यातल्या त्यात कमी. हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

आणि मावशींचं मानधन? केंद्राने २००९मध्ये महिना हजार रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. महाराष्ट्रात भर घालत घालत २०२३मध्ये ते अडीच हजार झालं. देशात अशा सुमारे २५ लाख जणी-जण आहेत, आणि त्यात बाप्ये शोधावे लागतात.

२०२१ साली भारतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांची मुलं वयाच्या मानाने कमी खुरटलेली आढळली. पातेल्यातलं अन्न असं एक पिढी ओलांडून जातं.

[दृश्य: घंटा. ओळीत ताटल्या. पंगत. मग रिकामी पडवी.]

जेवणं उरकलीत. दोन पोरं ताटल्या घेऊन परत आलीत, पातेल्याच्या बुडाकडे बघत. बुडाला खरवड धरलीय. ती कुठल्याच रकान्यात नसते. मावशी उलथनं उचलतात.

“अर्धी अर्धी घ्या रे. भांडू नका.”