ताप चढला की पेशी बिघडलेली प्रथिनं कशी मोडते?

नमस्कार मंडळी! माणसाच्या पेशी ३७ अंशांवरून ४२ अंशांवर नेल्या, की आतली नाजूक प्रथिनं उलगडायला लागतात. एरवी पोटात दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. अंडं उकडताना पांढरा बलक घट्ट होतो, तसंच.

पण पेशी लगेच तोडफोडीवर येत नाही. आधी दुरुस्ती. एचएसएफ-१ नावाचं प्रथिन तिघांच्या गटानं डीएनएला चिकटतं आणि एचएसपी-७० या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचं उत्पादन वाढवतं. हे एचएसपी-७० उघड्या पडलेल्या भागाला धरून ठेवतं, एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून सोडतं, पुन्हा धरतं. दरवेळी घडी नीट बसायची एक संधी.

आणि नाहीच बसली तर? इथली गंमत मला फार आवडते. एचएसपी-७० च्याच शेपटीला ‘चिप’ नावाचं एन्झाइम येऊन बसतं आणि हातातल्या प्रथिनावर ‘हे मोडा’ अशी युबिक्विटिनची खूण लावतं. म्हणजे दुरुस्तीवाल्याच्या खांद्यावरच मोडीत काढणारा बसलेला!

(स्क्रीनवर: ई-१ → ई-२ → ई-३)

युबिक्विटिन म्हणजे फक्त ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ही खूण तीन प्रकारची एन्झाइम्स लावतात: ई-१ एटीपी वापरून ते सक्रिय करतं, ई-२ वाहून नेतं आणि कुणाला लावायचं ते ई-३ ठरवतं. आपलं ‘चिप’ हे असंच एक ई-३. माणसात ई-१ दोनच, ई-३ मात्र सहाशेच्या वर. एकच युबिक्विटिन सहसा पुरत नाही. युबिक्विटिनच्या ४८ व्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लातून जोडलेली, साधारण चार किंवा जास्त कड्यांची साखळी लागते. याच शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ.

आता प्रोटिअसोम, म्हणजे खूण लागलेली प्रथिनं कापणारं पेशीतलं यंत्र. सात-सात घटकांची चार कडी एकावर एक, मधे पोकळी, कापणारी केंद्रं आतल्या बाजूला. तोंड इतकं अरुंद, की घडी घातलेलं प्रथिन आत जाऊच शकत नाही. म्हणून या गाभ्यावरच्या टोपीतले सहा एटीपीएझ (एटीपी खर्चून काम करणारे घटक) एखादं सैल टोक पकडून धागा आत ओढतात. युबिक्विटिन बाहेरच सुटतं, पुन्हा वापरलं जातं. बाहेर पडतात ३ ते २५ अमिनो आम्लांचे तुकडे.

अडचण नेमकी इथेच. घट्ट गुठळीला सैल टोकच सापडत नाही, आणि ती त्या तोंडातून जाणार तरी कशी? मग पी-६२ नावाचं प्रथिन तिला ऑटोफॅगीकडे (पेशीची स्वतःचा कचरा गिळायची सोय) नेतं आणि लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी, अख्खी गुठळी पचवतो. ऑक्सिडेटिव्ह ताणात (क्रियाशील ऑक्सिजनमुळे इजा होते तेव्हा) वेगळाच प्रकार: काही प्रोटिअसोमच्या टोप्या सुटतात आणि उरलेला गाभा उलगडलेली, ऑक्सिडाइज झालेली प्रथिनं खुणेशिवायच कापतो.

प्रयोगशाळेतल्यांसाठी एक गोष्ट. पेशींना १० मायक्रोमोलर एमजी-१३२ (प्रोटिअसोम अडवणारं रसायन) चार ते सहा तास दिलं, की वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीनं प्रथिन ओळखायची चाचणी) युबिक्विटिनचा लांब डाग दिसायला हवा. दिसला नाही, तर अँटिबॉडीला दोष देण्याआधी लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) बघा. पेशी फोडल्या तरी साखळ्या सोडवणारी एन्झाइम्स चालूच असतात. बफरमध्ये ती थांबवणारं १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड ऐन वेळी घाला, सगळं बर्फावर करा. त्याच बफरमध्ये डीटीटी मात्र नको. ते एन-इथाइलमॅलिमाइडला निकामी करतं. शिवाय एमजी-१३२ लायसोसोममधली कॅथेप्सिनंही (प्रथिनं कापणारी एन्झाइम्स) अडवतं, त्यामुळे नुसतं प्रोटिअसोमचंच काम तपासायचं असेल तर एपॉक्सोमायसिन घ्या.