सीपीआर शिकवताना पडद्याचं काम काय?

मित्रहो, सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. ते कसं द्यायचं हे तोंडी सांगायला फार वेळ लागत नाही. माणूस प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही, असं दिसलं की आपत्कालीन मदत बोलवायची. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवायचे आणि मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ऐकणाऱ्याला हे सगळं पटतं, लक्षातही राहतं. पण 5 सेंटिमीटर म्हणजे किती, हे त्याच्या हाताला ठाऊक नसतं. बरगडी मोडेल या भीतीने हात अर्ध्यावरच थांबतो.

कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत 1960 साली मांडली. त्याच वर्षी नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांनी सरावासाठी ‘रिससी ॲन’ हा पुतळा आणला. हाताला सरावाची जागा मिळाली. मात्र दाब बरोबर पडतोय का, हे शिक्षक नजरेनेच ठरवत राहिले. चार सेंटिमीटर आणि पाच सेंटिमीटर यांतला फरक नजरेला कळत नाही, मग शिक्षक कितीही अनुभवी असो.

आता पुतळ्याच्या छातीत सेन्सर असतो आणि दाबाचा आलेख त्याच क्षणी मोबाइलवर उमटतो. डिजिटल साधनांमध्ये मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. विशेषतः एका चुकीसाठी. दमलेला माणूस नकळत पुतळ्यावर रेलून राहतो. छाती पूर्ण वर येत नाही, आणि खऱ्या रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ असा की दोन दाबांच्या मध्ये हृदयात पुरेसं रक्त परत येत नाही. दाबणाऱ्याला वाटतं आपण जोरात दाबतोय. आलेख मात्र खालीच अडकलेला दिसतो, आणि तो पाहताच माणूस स्वतःहून हात सैल सोडतो. कुणाला ओरडावं लागत नाही. मध्येच थांबण्याचंही तसंच. हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचवणारा दाब छाती अनेकदा दाबल्यावर हळूहळू तयार होतो आणि थांबताक्षणी कोसळतो. पडद्यावर ती रिकामी जागा दिसली की ‘जरा थांबलो’ याची किंमत समजते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2019 पासून प्रौढांच्या सीपीआर प्रशिक्षणात अशी मोजणी करणारी साधनं आवश्यक केली, ती उगाच नाही.

व्हर्च्युअल रिॲलिटीबद्दल, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी प्रसंगात शिरण्याबद्दल, उत्साह फार आहे, म्हणून एक अभ्यास सांगतो. नेदरलँड्समधल्या एका संगीत महोत्सवात लोकांचे दोन गट केले. एका गटाला शिक्षकाने समोर उभं राहून शिकवलं, दुसऱ्याने व्हर्च्युअल रिॲलिटीच्या ॲपवर शिकून घेतलं. दोघांना वीस मिनिटंच. वेगात दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, शिक्षकाच्या गटात मिनिटाला 109 आणि ॲपच्या गटात 114. खोली मात्र शिक्षकाच्या गटात सरासरी 57 मिलिमीटर, ॲपच्या गटात 49. ताल डोळ्यांना आणि कानांना शिकवता येतो. छातीचा विरोध किती, तो मोडून किती खाली जायचं, हे हातालाच शिकावं लागतं.

तरी पडदा एक गोष्ट पुतळ्यापेक्षा चांगली शिकवतो: ओळखायला. हृदय बंद पडल्यावर काही जण थोडा वेळ अधूनमधून आचके देतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, आणि तो वाट पाहत बसतो. दर मिनिटाला वाचण्याची शक्यता घटत असते. साधा पुतळा आचके देत नाही. चांगला व्हिडिओ ते दाखवतो, आणि एकदा पाहिलेला तो श्वास विसरता येत नाही. मदत कुणी बोलवायची, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, कुणी आणायचा, हा गोंधळही हेडसेटमध्ये छान उभा करता येतो.

राहिला प्रश्न विसरण्याचा. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ढिलं पडू लागतं, आणि दोन वर्षांनी एकदा दिवसभराचं शिबिर घेऊन ते टिकत नाही. पैसे मोजके असतील तर आयोजकांना मी हेडसेटच्या आधी सेन्सरचा एक पुतळा घ्यायला सांगतो. तो कपाटात बंद करू नका. येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा, दर काही महिन्यांनी मोबाइलवर आठवण पाठवा, आणि प्रत्येकाने दोन मिनिटं दाबून स्वतःचा आलेख बघावा.